बेचाळीस घरांची वही

9 जानेवारीच्या रात्री पावणेदोनला आमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीतून धूर यायला लागला. आग म्हणावी तर फार मोठी नव्हती. एक केबल तापून जळली, तिचं आवरण वितळलं आणि काळा, घशाला झोंबणारा धूर जिन्यातून सरळ वर चढला. दारं बडवली गेली, आरडाओरडा झाला, ओढण्या नि टॉवेल तोंडाला लावून आम्ही धडपडत खाली आलो. बंब आला आणि वीसेक मिनिटांत सगळं शांत झालं. कुणाला खरचटलंही नाही.

पण बंबावरून उतरलेल्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला होता, "आत कोण राहिलंय?" खाली आम्ही साठ-सत्तर जण उभे होतो आणि एकालाही धड उत्तर देता येईना. कुणी म्हणालं, सगळे आलेत. कुणी म्हणालं, तिसऱ्या मजल्यावरचे काका-काकू मुलीकडे गेलेत, त्यांच्याकडे बघायला नको. काका-काकू संध्याकाळीच परतले होते. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. काकांनी दाराच्या फटीत ओली चादर कोंबली, दोघं गॅलरीत आले आणि काका अंधारात टॉर्च हलवत राहिले. ती टॉर्च माझ्या मुलीला दिसली म्हणून.

चौदा वर्षं मी त्या जिन्यावरून त्यांच्या दारापुढून जाते आहे. मला पहाटेपर्यंत झोप लागली नाही. तेव्हापासून ऑगस्टअखेरपर्यंत जे केलं, जिथे चुकले आणि जिथे अडकले, ते सगळं लिहून ठेवते आहे. आमच्याआधी कुणी असं केलेलं असतं तर माझे निदान दोन महिने वाचले असते.

सुरुवात मी घरापासून केली. खरं कारण सांगायचं तर घरात कुणाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत.

आधी पाणी. माणशी रोज चार लिटर, निदान तीन दिवसांचं, हा हिशेब सगळीकडे सारखाच सांगितला जातो. आम्ही चौघं, म्हणजे 48 लिटर. कागदावर सोपं वाटतं, दोन खोल्यांच्या घरात 48 लिटर ठेवायला जागा शोधा म्हणजे कळतं. शेवटी पाच-पाच लिटरचे दहा कॅन घेतले आणि पलंगाखाली सरकवले. एक मोठा ड्रम घेणार होते, पण पन्नास लिटरचा ड्रम म्हणजे पन्नास किलो, तो हलवणार कोण? कॅनवर मार्करने भरल्याची तारीख घातली, सहा महिन्यांनी पाणी बदलायचं. नळाला गढूळ पाणी आलं तर आधी कापडातून गाळून खळखळून एक मिनिट उकळायचं (डोंगरावर, दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं). उकळायची सोय नसेल तर बिनवासाचं साधं घरगुती ब्लीच, 5 ते 6 टक्क्यांचं, लिटरला दोन थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. त्यानंतर क्लोरीनचा हलका वास आला पाहिजे. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून आणखी पाव तास थांबायचं. हे मी एका पुठ्ठ्यावर लिहून ड्रॉपरसकट कॅनला बांधून ठेवलंय, कारण त्या वेळी फोनवर शोधता येईल याचा काही भरवसा नाही.

मग पिशवी. इथे माझं हसं झालं. याद्या वाचून वाचून मी एवढं भरलं की वजनकाट्यावर पिशवी 17 किलो निघाली. पाठीवर घेऊन जिना उतरून बघितला, दुसऱ्या मजल्यावरच कठडा धरून थांबले. सासूबाई वरून म्हणाल्या, "अगं, आपण घर सोडून चाललोय की घर घेऊन?" मग सगळं जमिनीवर ओतलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचार केला. शेवटी राहिलं ते असं: आठवड्याची औषधं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, टॉर्च, पॉवर बँक, छोटा रेडिओ, शिट्टी, प्रथमोपचाराची डबी, शिजवावं न लागणारं दोन दिवसांचं खाणं, एकेक कपड्यांचा जोड, जादा चष्मा, थोडे सुटे पैसे. कार्ड नि फोनवरचे पैसे वीज गेल्यावर काय कामाचे? वजन सहा किलोवर आलं. बाकीचं घरातच, पण एका जागी.

सासूबाईंचं इन्सुलिन हा वेगळा विषय. फ्रिज बंद पडला आणि दार उघडलं नाही तर साधारण चार तास आत गारवा टिकतो. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे बाहेर चालते, मात्र तापमान तिशीच्या वर जायला नको. आपल्या औषधाचं नेमकं काय ते डॉक्टरांनाच विचारावं. मी विचारलं आणि त्यांनी जादाची एक चिठ्ठी लगेच लिहून दिली. जे विचारायला मी महिनाभर संकोचत होते, ते दोन मिनिटांत झालं.

एक चूक आधीच सांगून टाकते. टॉर्चमध्ये सेल घालून ती पिशवीत ठेवली होती. मे महिन्यात सहज काढली तर सेल फुटून पांढरी भुकटी झालेली आणि आतली पट्टी गंजलेली. सेल बाहेर, वेगळ्या पुडीत ठेवायचे. दुसरी टॉर्च आणि बंद चपलांचा जोड आता पलंगाच्या पायाला पिशवीत बांधलेला असतो. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला झाला हे आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे, पण त्याचा स्वतःच्या पलंगाशी संबंध मी कधी लावला नव्हता. अंधारात, फुटलेल्या काचांवरून अनवाणी पहिलं पाऊल टाकायचं तर चप्पल हाताशी हवी.

कागदपत्रांना दोन रविवार गेले. मूळ कागद एका फाइलमध्ये, झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत आणि स्कॅन केलेल्या प्रती पेन ड्राइव्हवर. ते करताना लक्षात आलं की मला नवऱ्याचा नंबर पाठ नाही. मुलीला माझा पाठ होता, तोही जुना! आता चौघांच्याही पाकिटात पुठ्ठ्याचं छोटं कार्ड आहे. त्यावर दूरच्या शहरातल्या मावशीचा नंबर आहे. गावातल्या गावात फोन लागत नाहीत तेव्हा बाहेरगावी कधी कधी लागतो, म्हणून सगळ्यांनी आपली खुशाली मावशीला कळवायची आणि मावशीने ती बाकीच्यांना पोचवायची. बोलणं होत नसेल तर साधा मेसेज करायचा, तो अडखळत का होईना पोचतो. मुलीला हेही दाखवून ठेवलं की बहुतेक देशांत मोबाइल लॉक असला तरी त्यावरून 112 हा आपत्कालीन मदतीचा नंबर लावता येतो.

फेब्रुवारी असा गेला. घरासाठी लागलेला एकूण खर्च आमच्या दोन महिन्यांच्या वीजबिलाएवढा, त्यातला निम्मा कॅन आणि पॉवर बँकेचा.

मार्चच्या पहिल्या रविवारी सोसायटीची सभा बोलावली. 42 घरं, त्यातले 11 जण आले, त्यातले तीन पार्किंगच्या भांडणासाठी. मी पंधरा मिनिटं बोलले. एक काका म्हणाले, "जानेवारीत झालं ते झालं, आता पुन्हा कशाला?" मला राग आला होता, पण त्यांचंही खरंच होतं. असल्या गोष्टी आठवत बसणं कुणाला आवडतं? सभेतून एवढंच निघालं की मी घरोघर फिरून एक यादी करावी. म्हणजे काम माझ्याच गळ्यात.

यादी कशी करावी याचा धडा मला कोबेच्या भूकंपाबद्दल वाचताना मिळाला. 17 जानेवारी 1995, पहाटे 5 वाजून 46 मिनिटं. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. ढिगाऱ्यातून जी जिवंत निघाली त्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनी नि शेजाऱ्यांनीच काढलं. त्याच भूकंपात अवाजी बेटावरच्या होकुदान नावाच्या छोट्या गावात तर गावकऱ्यांच्या अग्निशमन पथकाला कोण कुठल्या खोलीत झोपतं हेसुद्धा माहीत होतं. कुठे खणायचं याचा शोध घ्यावाच लागला नाही आणि सगळ्यांचा तपास त्याच दिवशी लागला. मी वाचता वाचता थांबले. आमच्याकडे कोण घरात आहे हेच माहीत नव्हतं, खोलीची गोष्ट दूरच.

मग सहा प्रश्नांचा एक कागद केला. रात्री घरात किती जण आणि कोण कुठे झोपतं. खाली उतरायला कुणाला मदत लागेल. विजेवर चालणारं उपकरण किंवा न चुकवता येणारं औषध आहे का. जादा किल्ली कुणाकडे असते. बाहेरगावच्या एका माणसाचा नंबर. आणि सहावा, घरात कुणाला काय येतं.

पहिल्या आठवड्यात नऊ घरांनी कागद भरला. बाकीच्यांचं "बघू", "यांना विचारून सांगते". एका वहिनींनी दार अर्धं उघडून विचारलं, "आमच्याकडे मदत लागणारं कोणी आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी ओशाळून परत आले. रात्री जेवताना नवरा म्हणाला, "तू दारात जाऊन पहिल्यांदा लोकांचं दुखणंच विचारतेस." दुसऱ्या दिवशी मी सहावा प्रश्न वर आणला. तुम्हाला काय येतं? आणि दारं उघडली. आपल्याला काय जमत नाही हे सांगायला माणसं बिचकतात, काय येतं ते मात्र चहा पाजून सांगतात. एवढ्या एका बदलाने तीन आठवड्यांत 38 घरांचे कागद हातात आले.

आणि काय काय निघालं! आमच्याच इमारतीत दोन परिचारिका, एक निवृत्त वायरमन, जहाजावर बारा वर्षं काम केलेला एक गृहस्थ (दोरीच्या गाठी म्हणजे त्यांचा हातखंडा), आणि खुणांची भाषा येणारी एक कॉलेजातली मुलगी. ही शेवटची गोष्ट ऐकून माझ्या डोक्यात दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी आला. त्याला ऐकू येत नाही. जानेवारीत आम्ही त्याच्याही दारावर धाडधाड हात आपटून पुढे गेलो होतो. तो उठला तो वासाने. आता त्याच्या उशाखाली थरथरणारं घड्याळ आहे, समोरच्या घरात त्याची किल्ली आहे आणि त्या मुलीने आम्हाला पाच खुणा शिकवल्यात: आग, बाहेर, थांब, पाणी, डॉक्टर.

यादीचे पुढे दोन रकाने झाले, "रात्री" आणि "दुपारी". दुपारी बारा वाजता इमारतीत असतं कोण? म्हातारी माणसं, शाळेतून आलेली पोरं, घरकामाला येणाऱ्या बायका. धावपळ करू शकणारे सगळे कामावर. रात्रीची योजना दुपारी उपयोगाची नाही. आणि एप्रिलमध्ये वही जवळजवळ पूर्ण झाल्याच्या आनंदात मी ती वॉचमनला दाखवत होते तर तो पानं उलटून म्हणाला, "ताई, यात मी कुठेय?" गेटजवळच्या खोलीत तो आणि त्याची बायको पाच वर्षं राहतात. मी 42 घरं मोजली होती, त्यांची खोली धरलीच नव्हती.

एकीने विचारलं, ही वही चोराच्या हाती लागली तर? किल्ल्या कुठे, म्हातारे एकटे कुठे, सगळं आयतं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग असं ठरवलं की यादीचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. दोनच प्रती, जाड पाकिटात, चिकटपट्टीवर सह्या करून. एक सेक्रेटरींकडे आणि दुसरी पलीकडच्या इमारतीतल्या एका ओळखीच्या घरी, कारण आपलीच इमारत सोडावी लागली तर पाकीट आत राहून उपयोग काय? मजल्यावरच्या प्रमुखाकडे फक्त त्याच्या मजल्याचं पान.

हे चालू असताना, इमारतीत येऊन आम्हाला शिकवा म्हणून अग्निशमन केंद्राकडे करायचा अर्ज समांतर सुरू होता. 3 मार्चला साध्या कागदावर अर्ज नेला, परत आला. सोसायटीचं लेटरहेड आणि सेक्रेटरींची सही हवी. 10 मार्चला ते घेऊन गेले, तर सोबत मजल्यांचा नकाशा हवा. मूळ नकाशा मिळेना. दोन आठवडे त्यामागे घालवले आणि शेवटी मुलीने आलेखाच्या कागदावर जिने, लिफ्ट, मीटरची खोली, पाण्याच्या टाक्या दाखवून एक नकाशा काढला. खिडकीवरच्या बाईंनी तो नीट न्याहाळला, म्हणाल्या, "हे चालेल." हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! नंतर साहेब रजेवर. तुम्ही जाल तेव्हा तीन प्रती न्या, एका प्रतीवर पोच घ्या आणि आवक क्रमांक फोनमध्येही टिपून ठेवा. दुसऱ्या खेपेला पोच घ्यायची राहिली म्हणून माझी एक चक्कर फुकट गेली. 27 एप्रिलची तारीख मिळाली, त्या दिवशी त्यांना कुठेतरी आगीवर जावं लागलं. त्याबद्दल काय बोलणार? शेवटी 11 मे. अर्जापासून जवळजवळ दहा आठवडे. पैसा मात्र एकही लागला नाही.

ते आले तेव्हा खाली 54 जण जमले होते. मार्चच्या अकरांवरून चोपन्न. बंब बघायला आलेली पोरं धरून, पण तरी.

त्या पथकाच्या प्रमुखांनी पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं की त्या रात्री बरोबर वागलेलं हे एकच घर. जिन्यात धूर असेल तर त्यात शिरायचं नाही. दार लावायचं, फट ओल्या कापडाने बंद करायची, रस्त्याकडच्या खिडकीत जाऊन दिसत राहायचं. उतरावंच लागलं तर रांगत, कारण बरी हवा जमिनीलगत असते. आम्ही बाकीचे उभ्याने धुरातून पळालो होतो, आणि वरून स्वतःला शहाणे समजत होतो. काका लाजून वॉकरमागे काकूंच्या आडोशाला गेले.

आमच्या इमारतीत आग विझवायची सहा सिलिंडरं होती. दोघांचा काटा लाल पट्ट्यात, एकाची पिन रंगकाम करताना रंगाने चिकटून बसलेली. पिन हलेना तेव्हा सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पत्र्याच्या घमेल्यात आग पेटवून त्यांनी एकेकाला विझवायला लावलं. माझी पाळी आली. पिन ओढली, नळी ज्वाळांकडे धरली आणि दाबलं. पांढरा लोट उठला, ज्वाळा तशाच. "मॅडम, वर नाही, बुडाशी! आणि झाडू मारल्यासारखं डावीउजवीकडे." तोवर फुस्स झालं. छोटं सिलिंडर दहा-पंधरा सेकंदांत संपतं, विचार करायला त्यात वेळ नसतो. दुसऱ्या खेपेला जमलं. विझवायला लागण्याआधी आपली पाठ दाराकडे आहे का हे बघायचं, म्हणजे नाही विझलं तर निघता येतं.

गॅसबद्दल त्यांनी बराच वेळ घेतला. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण दोन्हींत ठिणगी असते. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं सताड, आणि बाहेर. 1 सप्टेंबर 1923 चा टोकियोचा भूकंप दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना झाला, घरोघर चुली पेटलेल्या, आणि एक लाखाच्या घरात गेलेल्या माणसांपैकी बहुतेक हादऱ्याने न मरता आगीत गेली. हे ऐकल्यावर सासूबाईंनी त्याच रात्री घरातल्या सगळ्यांकडून डोळे मिटून रेग्युलेटर बंद करून घेतला. मला तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

भूकंपात दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा जुना सल्लाही त्यांनी मोडीत काढला. आजच्या घरांत चौकट काही भिंतीपेक्षा मजबूत नसते. खाली बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं नि मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. हृदय बंद पडलेल्या माणसाला द्यायचा छातीदाब पुतळ्यावर शिकवला: मिनिटाला 100 ते 120, पाच ते सहा सेंटीमीटर खोल. दोन मिनिटांत माझे हात थरथरायला लागले. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो.

सिलिंडरं भरून घेणं, जिन्यात अंधारात चमकणारी पट्टी, एक भोंगा आणि चार टॉर्च, एवढ्यासाठी घरटी जी वर्गणी पडली ती एकट्या माणसाच्या सिनेमाच्या तिकिटाएवढी. माणसाला जिन्यावरून उतरवायची खास खुर्ची येते, ती मात्र परवडण्यातली नव्हती. त्याऐवजी हाताची एक भक्कम लाकडी खुर्ची तळमजल्यावर आणि एक तिसऱ्या मजल्यावर ठेवली.

15 जूनला पहिला सराव. फजिती म्हणतात ती हीच. भोंगा चौथ्या मजल्याच्या मागच्या घरांत ऐकूच गेला नाही. दोघं लिफ्टने खाली आले. गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्लीवाला लग्नाला गेलेला. जमायची जागा मी स्वतः ठरवली होती आणि ती नेमकी विजेच्या तारांखाली निघाली, ते वायरमन काकांनी वर बोट दाखवून सांगितलं. मजल्याप्रमाणे हजेरी घेतली तर तीन जण कमी. दहा मिनिटं शोधाशोध. तिघं पोरं पार्किंगमध्ये मोबाइल बघत बसलेली. इमारत रिकामी व्हायला एकूण 14 मिनिटं. काकूंना खुर्चीतून उतरवताना दुसऱ्या वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला. काकू हसत होत्या, "मला पालखीचा मान मिळाला." उचलणाऱ्या चौघांना मात्र घाम फुटला होता. त्या दिवसापासून खुर्ची उलटी, पाठ उताराकडे ठेवून नाही, तर पाय पुढे आणि थोडी मागे झुकवून उतरवायची, दोघांनी वरून आणि दोघांनी खालून धरायची, असं ठरलं. जहाजावरच्या गृहस्थांनी चादरीची गाठ मारून कमरेला पट्टा केला.

20 जुलैला रात्री नऊला, दिवे घालवून दुसरा सराव. साडेआठ मिनिटं. चमकणाऱ्या पट्टीने सगळ्यात जास्त काम केलं, आणि सगळ्यात स्वस्तही तीच होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खरीखुरी वेळ आली, आगीची नव्हे, पाण्याची. दोन दिवस पाऊस थांबेना, गल्लीत गुडघ्याच्या खाली पाणी वाहायला लागलं आणि वायरमन काकांनी मीटरच्या खोलीत पाणी शिरण्याआधी मुख्य बटण बंद केलं. 26 तास वीज नव्हती. वही उघडली. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना ऑक्सिजनचं यंत्र लागतं हे तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिलेलं होतं. त्यांच्या मुलाने बॅटरी तीन तास पुरेल म्हणून सांगितलं, परिचारिका ताई वर बसल्या आणि दुसऱ्या तासाला सिलिंडर आलं. एका मुलाला मोटारसायकल काढून मित्राकडे जायचं होतं. वाहत्या पाण्याची खोली वीतभर, 15 सेंटीमीटर असली तरी मोठा माणूस पाय निसटून पडू शकतो आणि 60 सेंटीमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात, हे त्याला वॉचमनने सांगितलं. गाडी आत गेली.

चुका तेव्हाही झाल्या. नऊ तासांनी फोनचं नेटवर्क गेलं आणि ग्रुपवर सूचना टाकायच्या भरवशावर असलेले आम्ही जिन्यात भिंतीला कागद चिकटवत बसलो. मोठी चूक माझी होती. पलंगाखालच्या 48 लिटरचा मला फार अभिमान होता, पण पंप बंद पडल्यावर वरच्या टाकीतलं पाणी दुपारीच संपलं आणि संडासात ओतायला काय? चार लिटरमध्ये पिणं, स्वयंपाक, थोडं हात-तोंड धुणं येतं, ते नाही येत. मदतशिबिरांसाठी माणशी रोज 15 लिटरचा किमान हिशेब धरतात तो उगीच नाही. आम्ही गच्चीच्या पन्हाळीखाली बादल्या लावल्या. आता जुन्या दोन बादल्या आणि एक झाकणाचा ड्रम बाथरूममध्ये कायम भरलेले असतात, प्यायच्या पाण्यापासून वेगळे.

उरलेल्या चार घरांपैकी तिघांनी पाणी ओसरल्यावर आपणहून कागद आणून दिले. अर्धं दार उघडणाऱ्या वहिनीही त्यात होत्या. त्यांच्या सासऱ्यांना रात्री भास होतात, घरातून निघून जातात. कागदावर त्यांनी ते दोन ओळींत, बारीक अक्षरात लिहिलं होतं.

एक घर अजून बाकी आहे. आणि चौथ्या मजल्यावर एक तारखेला नवे भाडेकरू आलेत. दोनदा जाऊन आले, कुलूप होतं. सकाळी सातच्या आत निघतात असं वॉचमन म्हणाला, उद्या साडेसहालाच जाते.